हुकूमशहा, परदेशी वृत्तपत्रे आणि गोवा

परदेशातील एखाद्या हुकूमशहाची सत्ता कोसळली की ती वार्ता काही क्षणांत आपल्या उलव्यातील घराघरांत येऊन पोहोचते. अशा वार्तांमध्ये एकच शासक कधी खलनायक, कधी मित्र, तर कधी केविलवाणा वृद्ध ठरतो. असे का घडते, हे समजून घेण्यासाठी आम्ही आपल्या शेजारच्या गोव्यावर लिस्बनहून हुकमत गाजवणाऱ्या अंतोनियो सालाझार यांचे उदाहरण घेत आहोत.

सालाझार १९३२ ते १९६८ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि गुप्त पोलीस हे त्यांच्या सत्तेचे आधार होते. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर सालाझार यांच्या चित्रासोबत किडलेले सफरचंद दाखवले. पोर्तुगालमध्ये त्या साप्ताहिकावर बंदी आली. जेथे देशातील लेखणी बांधलेली असते, तेथे बाहेरच्याने सत्य सांगावे लागते. परदेशी पत्रकारितेची ही सेवा आपण मान्य केली पाहिजे.

परंतु १९४९ साली पोर्तुगाल ‘नाटो’ या लष्करी संघटनेचा संस्थापक सदस्य झाला, आणि पाश्चात्त्य देशांना सालाझार हवेसे वाटू लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. तरीही डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात गेली, तेव्हा अनेक पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी शांतीचा उपदेश करणारे नेहरूच शस्त्र कसे उचलतात, असा सवाल केला. गोव्यातील राजबंद्यांची व्यथा मात्र समासात राहिली.

१९६८ साली सालाझार खुर्चीवरून पडले. पुढे मेंदूतील रक्तस्रावामुळे त्यांच्या जागी मार्सेलो कायतानो यांची नेमणूक झाली, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही. १९६९ साली एका फ्रेंच दैनिकाच्या प्रतिनिधीशी ते सत्ता आपल्याच हाती असल्यासारखे बोलले. ही विलक्षण कथा जगभर पसरली. वस्तुतः राजवट तशीच उभी होती. ती कोसळली २५ एप्रिल १९७४ रोजी, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. माणूस पडणे म्हणजे व्यवस्था पडणे नव्हे.

कॅथलिक या नात्याने आम्हांला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सालाझार स्वतःला श्रद्धेचे रक्षक म्हणवीत. तथापि पोर्तोचे बिशप अंतोनियो फेरेरा गोमेस यांनी १९५८ साली त्यांना पत्र लिहून अन्यायाबद्दल जाब विचारला, आणि त्यांना दहा वर्षे देशाबाहेर राहावे लागले. गोव्यातील कॅथलिक कुटुंबात जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात कैद झाले. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासह १९५५ ते १९६१ या काळात गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ‘कॅथलिक गोवा’ अशा सोप्या शीर्षकात ही माणसे मावत नव्हती.

म्हणून, बंधुभगिनींनो, एखाद्या हुकूमशहाच्या पतनाची वार्ता वाचताना आपण तीन प्रश्न विचारू या. सांगणाऱ्या देशाचे हित कशात आहे? पडले ते कोण, माणूस की व्यवस्था? आणि ज्यांनी ती राजवट सोसली, त्यांचा आवाज या वार्तेत आहे काय?