बूट, क्लीट आणि पेडल : सुटकेचं शास्त्र

सायकलच्या दुकानात दोन लाल क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचे तुकडे) शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्याला त्यात फारसा फरक दिसणार नाही. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींना तीन बोल्टची जागा आणि दोन्ही एकाच बुटाच्या तळाला बसणाऱ्या. पण शिमानोची लाल क्लीट पाऊल जागच्या जागी धरून ठेवते, तर लुकच्या किओ मालिकेतली लाल क्लीट त्याच पावलाला 9 अंश वळू देते. शिमानोत मोकळीक हवी असेल तर पिवळी घ्यायची (6 अंश). निळी मधली (2 अंश). लुकमध्ये मधली करडी (4.5 अंश) आणि जखडणारी काळी. शिवाय यातल्या एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलमध्ये बसत नाही. बुटाला चालली म्हणून पेडलला चालेल असं धरून चालणाऱ्याचे पैसे इथेच बुडतात. जोडी जमवण्याचा पहिला नियम यातूनच निघतो : छिद्रं बुटाची, क्लीट पेडलची.

हा पसारा वाढला कसा, ते इतिहासात पाहावं लागतं. पाय पेडलवरून घसरू नये याची सोय फार जुनी आहे. बोटांपुढे धातूचा पिंजरा म्हणजे टो-क्लिप, त्यावरून चामडी पट्टा आणि शर्यतवाल्यांच्या बुटाच्या तळाला खाच असलेली पट्टी. स्प्रिंटच्या आधी खाली वाकून पट्टा आवळायचा आणि थांबण्याआधी पुन्हा वाकून सैल करायचा. मध्येच पडलं तर सायकलही पायासकट अंगावर. या पिंजऱ्याला पर्याय शोधणारे होतेच. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने बूट वळवून अडकवायच्या पेडलचं पेटंट 1895 मध्येच घेतलं होतं. इटलीत चिनो चिनेल्लीने 1971 मध्ये एम 71 हे पेडल आणलं. त्यात पाय पक्का बसे. सोडवायला मात्र हातानेच खटका ओढावा लागे. हात हँडलवर आणि तोल गेलेला, अशा वेळी त्याचा उपयोग शून्य. पाय धरून ठेवण्याचं कोडं सुटलं होतं, सोडण्याचं बाकी होतं.

त्याचं उत्तर सायकलवाल्यांकडून आलं नाही. ते बर्फावरून आलं. फ्रान्समधल्या नेव्हेर गावात झाँ बेल यांची लुक कंपनी स्कीच्या बाइंडिंग बनवत असे. घसरणारा माणूस पडला की बूट आपसूक सुटावा आणि पाय मोडू नये, हेच त्या बाइंडिंगचं काम. उद्योगपती बर्नार तापी यांनी 1983 मध्ये लुक विकत घेतली, ला व्ही क्लेअर हा सायकल संघ उभा केला आणि शर्यतपटू बर्नार इनोला त्यात घेतलं. 1984 मध्ये लुकचं पेडल आलं : पुढचं टोक अडकवायचं, टाच दाबायची, खट्कन बसतं, टाच बाहेर वळवली की सुटतं. इनोने 1985 ची तूर द फ्रान्स त्याच पेडलवर जिंकली. तो त्याचा पाचवा तूर-विजय. त्यानंतर काही वर्षांतच टो-क्लिप रस्त्यावरच्या शर्यतींतून जवळपास हद्दपार झाली.

पाय सुटला, पण गुडघा अडला. घट्ट जखडलेल्या क्लीटमध्ये पाऊल एकाच कोनात राहतं आणि पाऊल वळत नसेल तर तो ताण वर गुडघ्यात जातो. बेल यांनी 1987 मध्ये टाइम ही नवी कंपनी काढली; तिच्या पेडलमध्ये अडकलेलं पाऊलही थोडं इकडेतिकडे फिरू शके. क्लीटच्या रंगांमागचे अंश म्हणजे हीच मोकळीक. तिसरी अडचण चालण्याची होती. रस्त्यावरच्या शर्यतीची मोठी प्लास्टिक क्लीट तळाखालून बाहेर येते, तिच्यावर माणूस बदकासारखा चालतो. माउंटन बाइकवाल्याला तर चढावर उतरून सायकल ढकलावी लागते. शिमानोने 1990 मध्ये एसपीडी आणलं : दोन बोल्टची, लहानशी, धातूची क्लीट, रबरी तळाच्या खळग्यात बसवलेली.

आजचा बाजार याच वाटण्यांवर उभा आहे. तीन बोल्टच्या त्रिकोणात लुक आणि शिमानोचं एसपीडी-एसएल. लुकच्याच जुन्या डेल्टा आणि नव्या किओचंही एकमेकांत जमत नाही. दोन बोल्टच्या घरात एसपीडी, टाइमची मातीतली पेडलं आणि क्रँकब्रदर्स. इथेही बूट एक, क्लीट वेगळ्या. स्पीडप्लेचा न्याय उलटा : पकड घेणारी यंत्रणा क्लीटमध्ये, पेडल नुसतं गोल बोंड, आणि बुटाला चार बोल्ट, तीन छिद्रांच्या बुटासाठी मध्ये जोडपट्टी घालावी लागते. नवं पेडल घेतलं की त्याची क्लीट बहुधा खोक्यातच असते. म्हणून बुटाचा तळ आधी पाहावा, क्लीटचं नंतर बघू.

मग निवडायचं कसं? बहुतेकांच्या मनात वेगाचा विचार असतो : पाय अडकला की वरही ओढता येईल, म्हणजे ताकद दुप्पट. 2007 मध्ये थॉमस कोर्फ आणि सहकाऱ्यांनी आठ सायकलपटूंवर हे तपासलं. मुद्दाम वर ओढत चालवलं तेव्हा पेडलवरचा जोर अधिक योग्य दिशेने लागला, पण शरीराची कार्यक्षमता घटली. तेवढ्याच कामाला ऊर्जा जास्त लागली. क्लीटचा खरा फायदा साधा आहे : पाय रोज त्याच जागी बसतो, खड्ड्यात उडत नाही, जलद फिरवताना निसटत नाही. हा फायदा सगळ्याच क्लीट देतात, म्हणून निवड ठरवायला वेगापेक्षा चालणं हा खरा निकष आहे.

पुणे, नाशिक, मुंबईहून ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करणाऱ्यांना हे पाठ असतं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस. चहा, पंक्चर, कंट्रोलवर म्हणजे वाटेतल्या तपासणी ठिकाणी कार्डावरची नोंद, सगळं त्याच वेळात. टपरीपर्यंत जाताना, ओल्या शहाबादी फरशीवर पाय ठेवताना प्लास्टिकची क्लीट घसरते आणि झिजते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलाची गोष्ट वेगळी : तो खळग्यात भरला की क्लीट बसतच नाही. क्रँकब्रदर्सचं एगबीटर चारही बाजूंनी अडकतं आणि उघडं असल्याने चिखल झटकतं, ते यासाठीच. ज्याला घाटात फक्त वेळेशी झुंजायचं आहे आणि घरापासून घरापर्यंत खाली उतरायचंच नाही, त्याने खुशाल तीन बोल्टचे बूट घ्यावेत.

बसवतानाही घाई नको. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा उंचवट्यासारखा लागतो, तो पेडलच्या अक्षावर किंवा किंचित पुढे यावा. म्हणजे क्लीट त्या सांध्याखाली किंवा जरा मागे. फार पुढे बसवलेली क्लीट पोटरीवर भार टाकते. टाच नैसर्गिकपणे जितकी आत-बाहेर राहते, तितकीच क्लीटमध्येही राहू द्यावी. बोल्टला थोडं ग्रीस लावून शिमानो सांगते तसे 5 ते 6 न्यूटन मीटर आवळावेत. सैल राहिलेली क्लीट बुटावर फिरते आणि मग टाच कितीही वळवली तरी पाय सुटत नाही.

सिग्नलवर जागच्या जागी कलंडणं, हे या पेडलचं सगळ्यांना ठाऊक असलेलं प्रवेशशुल्क. ते टाळायचं तर एसपीडीमध्ये काळ्या एसएच 51 ऐवजी रुपेरी एसएच 56 क्लीट घ्यावी. ती एकाहून अधिक दिशांनी सुटते. पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करावा आणि भिंतीला टेकून अडकवणं-सोडणं घोकावं. थांबण्याच्या बऱ्याच आधी एक टाच बाहेर फिरवायची सवय लागली की मग स्क्रू आवळावा. ज्यांना सुटता येतं, त्यांनाच घट्ट बांधून घेणं परवडतं.