रानडुकरं हाकायची कार्बाइड बंदूक : बार मोठा, धोका डोळ्याला

साखरा (ता. सेनगाव) : रोही, रानडुकरं पिकात शिरली की काही शेतकरी पाइपाची कार्बाइड बंदूक वाजवतात. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यावर थोडं पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो. लायटरच्या ठिणगीनं तो पेटून बार होतो. जनावर आवाजाला बिचकतं, पण रोज तोच आवाज आला की सरावतं.

खरा धोका बार फसल्यावर. वायू आत साठलेलाच असतो. काय झालं म्हणून पाइपात डोकावलं, की भडका थेट डोळ्यात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये अशा बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे जखमी झाले.

पाइपात डोकावू नका, मुलांच्या हाती बंदूक देऊ नका. डोळ्यात गेलंच तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं धुऊन लगेच डोळ्यांचा दवाखाना गाठा.