सायलेन्सर बदलला, आवाज वाढला, पण गाडी पळाली का? ३० हजारांत पहिला मॉड कोणता करायचा?

समजा, तुमच्याकडे सेकंड हॅण्ड स्विफ्ट आहे. पगारातून बाजूला टाकत टाकत ३० हजार जमलेत. रोज मोबाईलवर एक तरी रील येतं, ज्यात गाडी सुरू होते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि खाली कमेंट असते, 'भाऊ, नाद खुळा!' मग आपल्याही मनात येतं, आपली गाडीही जरा सेट करून घेऊ.

आता विषय असा आहे की, ३० हजारांत गाडी खरंच चांगली होते. फक्त बहुतेक जण हे पैसे चुकीच्या जागी घालवतात.

आधी इंजिनाचं गणित बघा

स्विफ्टसारख्या गाडीतल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनची ताकद साधारण ८० ते ९० पीएस असते. या इंजिनाला टर्बो नाही. म्हणजे ते स्वतःच्या ताकदीवर जेवढी हवा आत ओढेल तेवढीच. हवा मर्यादित, म्हणून जळणारं पेट्रोल मर्यादित आणि ताकदही मर्यादित.

त्यामुळे नुसता सायलेन्सर बदलला तर वाढतो तो आवाज. कानाला गाडी जोरात वाटते, घड्याळ लावून बघितलं तर फरक नावाला असतो. उलट कधीकधी कमी आरपीएमवरची ओढच कमी होते. महागड्या एअर फिल्टरचंही तेच. त्यात तेल लावलेला फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं, तर काही गाड्यांत ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि नवं दुखणं मागे लागतं.

रिमॅपचं काय? टर्बो असलेल्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीत सॉफ्टवेअरमधून टर्बोचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक स्पष्ट जाणवतो. बिनटर्बोच्या गाडीत मात्र हाती फार काही लागत नाही. शिवाय वॉरंटी बाकी असेल तर तिच्यावर पाणी सोडावं लागू शकतं.

मग पैसे कुठे घालायचे?

पहिला नंबर सर्व्हिसिंगचा. ऐकायला बोअर वाटतं, पण जुन्या गाडीत सगळ्यात स्वस्त 'परफॉर्मन्स' इथेच मिळतो. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल आणि व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग. धुळीने गच्च झालेला फिल्टर आणि झिजलेले प्लग बदलले की गाडीची हरवलेली ओढ परत येते.

दुसरा नंबर ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, ऑइल उकळलं आणि त्यात बुडबुडे झाले, की पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. कोणतं टाकायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सोबत चांगल्या दर्जाचे ब्रेक पॅड घ्या.

तिसरा आणि सगळ्यात मोठा खर्च टायरचा. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहाताएवढी. पळणं, वळणं, थांबणं सगळं तिथेच ठरतं. बजेटमधले वीस-पंचवीस हजार इथे गेले तरी ते वाया जात नाहीत.

टायरचं माप कसं निवडायचं?

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते आणि शेवटचा रिमचे इंच. हिशोब केला तर दोन्ही टायरचा पूर्ण व्यास जवळपास ६२० मिलिमीटरच भरतो. म्हणून रिम मोठी झाली तरी स्पीडोमीटर चुकत नाही. मापं वाढवायचीच असतील तर कंपनी वरच्या मॉडेलला जे देते तिथेच थांबा. रिमचं बजेट नसेल तर जुन्याच मापात चांगल्या रबराचे टायर घ्या.

घेताना टायरवरचा चार आकडी कोड वाचा. '२३२५' म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्वस्तात मिळतोय म्हणून तीन-चार वर्षं दुकानात पडून असलेला माल गळ्यात मारून घेऊ नका.

पैसे उरले तर गळके शॉकअप बदला. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापू नका. आपल्या खड्ड्यांत चेंबर फुटेल आणि वळणावर ताबाही जाईल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. नियमबाह्य बदलाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. वर अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांना न सांगितलेला बदल सापडला, तर क्लेम अडकतो तो वेगळाच.

शेवटी एक साधा हिशोब. ताशी ८० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ब्रेक दाबल्यावर थांबायला तिला ताशी ६० पेक्षा पावणेदोन पटीहून जास्त अंतर लागतं. समोर अचानक म्हैस आडवी आली, तर सायलेन्सरचा आवाज कामाला येणार नाही. टायर आणि ब्रेक येतील.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा: आधी सर्व्हिसिंग, मग ब्रेक, मग टायर, मग शॉकअप. यावर रील बनणार नाही कदाचित, पण पुढच्या घाटात स्टेअरिंग हातात धरल्यावर फरक तुम्हालाच कळेल.