जुनीं गांठोडीं नवीं करतांना

महत्त्वाचे कागद रुमालांत बांधून ठेवण्याची चाल महाराष्ट्रांतील दप्तरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. रुमाल जीर्ण झाला म्हणजे कारकून तो सोडी, कागद मोजी, झटकी आणि नव्या फडक्यांत बांधी. ह्या कामास विद्वत्ता लागत नसे. लागे ती सावधगिरी. कारण कागद गहाळ व्हावयाचा तो बहुधा ह्याच वेळीं, म्हणजे जुना रुमाल सुटलेला आहे आणि नवा अद्याप बांधलेला नाहीं, अशा मधल्या घटकेस. संगणकाच्या तबकड्यांवर सांठविलेल्या जुन्या गांठोड्यांसहि हाच न्याय लागू पडतो. फरक इतकाच कीं, तेथें कारकुनाच्या जागीं आज्ञांची एक लहानशी यादी काम करते, आणि ती यादी चुकली तर एका रात्रींत एक कागद नव्हे, सारें दप्तर नाहींसें होऊं शकतें.

पुष्कळशा फाइली एकत्र बांधून, त्यांतील पुनरुक्ति पिळून काढून, आकारानें लहान केलेली एकच फाईल म्हणजे असें गांठोडें. पुनरुक्ति काढावयाची म्हणजे काय, हें हिशेबाच्या वहीवरून सहज कळेल. एकाच गृहस्थाचें लांबलचक नांव पानावर दहा वेळां यावयाचें असेल तर कारकून तें एकदां लिहितो आणि पुढें ‘सदरहू’ म्हणून मोकळा होतो. हाइफा येथील टेक्नियन संस्थेंतील अब्राहम लेम्पेल व जेकब झिव ह्या दोघां पंडितांनीं १९७७ सालच्या निबंधांत ह्या ‘सदरहू’लाच गणिताचें रूप दिलें. ‘इतकीं अक्षरें मागें जा, आणि तेथून इतकीं अक्षरें उचल’ एवढीच सूचना मूळ मजकुराच्या जागीं ठेवावयाची. पुढील वर्षींच्या निबंधांत त्यांनीं, मागें बोट दाखविण्याऐवजीं, येऊन गेलेल्या अक्षरसमूहांचा क्रमांकवार कोश करण्याची दुसरी रीत सांगितली. ती टेरी वेल्च यांनीं १९८४ सालीं सुधारली. त्याहि पूर्वीं, १९५२ सालीं, डेव्हिड हफमन यांनीं वारंवार येणाऱ्या अक्षरास तोकडी खूण आणि क्वचित् येणाऱ्यास लांब खूण देण्याची रीत शोधिली होती. तारायंत्राच्या कडकट्ट लिपींत इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब दिलेलें असतें, त्यांतलाच हा प्रकार, मात्र गणितानें काटेकोर केलेला.

आतां ज्यांनीं त्यांनीं ह्या रीतींचें आपापल्या परीनें मिश्रण केलें, आणि त्यामुळें गांठोड्यांच्या जाती अनेक झाल्या. एका जातीचें गांठोडें दुसऱ्या जातींत सरळ उतरवितां येत नाहीं. एकाच्या खुणा दुसऱ्यास निरर्थक असतात. म्हणून जुनें गांठोडें पुरतें सोडून मूळ फाइली मोकळ्या कराव्या लागतात आणि मग त्या नव्या पद्धतीनें बांधाव्या लागतात. सारा धोका ह्या सोडण्यांत आणि बांधण्यांत आहे.

अशीं गांठोडीं घाऊक प्रमाणांत बदलण्याचा एक गाजलेला प्रसंग अमेरिकेंत १९८९ सालीं आला. त्या काळीं तेथें टेलिफोनच्या तारेवरून चालणारे सूचनाफलक हौशी लोकांनीं घरोघर थाटलेले होते. त्यांतला पहिला वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी सूस यांनीं १९७८ सालीं शिकागोस सुरू केला. कोणीहि टेलिफोन लावावा, निरोप ठेवावा, प्रोग्राम उतरवून घ्यावा, असा तो व्यवहार. तारेची गति फार मंद असे. सेकंदास २४०० बिट म्हणजे सुमारें २४० अक्षरें. ह्या वेगानें ३०० किलोबाइटांची फाईल उतरावयास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि टेलिफोनचें भाडें चढत राही. म्हणून फाईल जितकी पिळून लहान करावी तितकी बरी. ह्या कामीं न्यू जर्सीमधील थॉम हेंडरसन यांच्या सिस्टिम एनहान्समेंट असोसिएट्स ह्या संस्थेचा ‘आर्क’ हा प्रोग्राम १९८५ पासून सर्वत्र चाले.

मिलवॉकी येथील फिल कॅट्झ ह्या तरुणानें तेंच काम पुष्कळ अधिक वेगानें करणारा प्रोग्राम लिहिला. हेंडरसन यांनीं १९८८ सालीं त्यावर फिर्याद लाविली. त्याच सालीं तडजोड झाली आणि पुढील वर्षाच्या आरंभापासून कॅट्झ यानें ‘आर्क’शीं जुळणारे प्रोग्राम विकणें बंद करावें असें ठरलें. कॅट्झ यानें नवीनच जात काढली. तिचें नांव ‘झिप’. तिची रचना त्यानें उघड प्रसिद्ध केली आणि कोणीहि वापरावी म्हणून मोकळी सोडली. सूचनाफलकांच्या चालकांची सहानुभूति बहुतांशीं कॅट्झकडे होती. मोठ्या संस्थेनें एकट्या तरुणास गांठलें, असा त्यांचा समज. वास्तविक हेंडरसन यांची संस्थाहि लहानच होती, आणि तज्ज्ञाच्या तपासणींत कॅट्झच्या प्रोग्रामांत मूळ प्रोग्रामाचे भाग, त्यांतील टिपांमधल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आढळले होते. पण लोकमत एकदां वाहूं लागलें कीं असल्या तपशिलाकडे कोण पाहतो! चालकांनीं आपल्या तबकड्यांवरील ‘आर्क’ गांठोडीं सोडून ‘झिप’ बांधण्याचा सपाटा लाविला.

शेंकडों गांठोडीं हातानें सोडणें-बांधणें कोणास परवडणार? तेथेंच ‘बॅच फाईल’ उपयोगी पडली. संगणकास ज्या आज्ञा एकामागून एक हातानें द्यावयाच्या, त्याच एका साध्या मजकुराच्या फाइलींत ओळीनें लिहून ठेवावयाच्या, आणि त्या फाइलीचें नांव घेतांच त्या क्रमानें पाळल्या जावयाच्या, अशी ही सोय. ‘फॉर’ ह्या आज्ञेनें ठराविक शेवटाचीं सारीं नांवें एकेक करून हातीं घेतां येत. प्रत्येक नांवासाठीं दुसरी यादी चालवावयाची असे. पण एका यादींतून दुसरी पुकारली तर दुसरी संपल्यावर नियंत्रण पहिलीकडे परत येत नसे. ही अडचण डॉसच्या ३.३ ह्या १९८७ सालच्या आवृत्तींत ‘कॉल’ ही आज्ञा आली तेव्हां दूर झाली. मग चालकानें रात्रीं यादी सुरू करावी, निजावें, आणि सकाळीं उठून पाहावें तों सारें दप्तर नव्या वेषांत सज्ज.

परंतु सकाळीं जें दिसे तें नेहमींच खरें असे असें नाहीं. प्रत्येक प्रोग्राम आपलें काम संपतांच एक आंकडा मागें ठेवितो. शून्य म्हणजे सर्व ठीक, त्याहून अधिक म्हणजे कांहीं बिघडलें. यादीनें हा आंकडा पाहून पुढें जावें कीं थांबावें हें ठरवावयाचें असतें. त्यासाठीं ‘इफ एररलेव्हल’ अशी आज्ञा आहे, आणि तिच्यांत एक विलक्षण खोंच आहे. ‘एररलेव्हल १’ ह्याचा अर्थ ‘आंकडा एक असेल तर’ असा नसून ‘एक किंवा त्याहून अधिक असेल तर’ असा होतो. अर्थात् ‘एररलेव्हल ०’ ही अट सदैव खरीच ठरते. भोळ्या माणसानें ‘आंकडा शून्य असेल तर जुनें गांठोडें पुसून टाक’ असें लिहावें, आणि यादीनें प्रत्येक वेळीं, काम साधलेलें असो वा फसलेलें असो, जुनें गांठोडें पुसून टाकावें! यादी कोठेंहि अडखळत नाहीं, पडद्यावर ओरड होत नाहीं. आणि म्हणूनच ही चूक फार घातक.

ह्याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि तो जाणत्यांसहि चकवितो. प्रत्येक फाइलीबरोबर गांठोड्यांत एक पडताळ्याचा आंकडा ठेवलेला असतो. मजकुरांतील सर्व बिटांवर एक ठराविक गणित करून तो काढतात. फाईल सोडतांना तेंच गणित पुनः करून दोन्ही आंकडे जुळतात कीं नाहीं तें पाहतात. ‘आर्क’मध्यें हा आंकडा सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पैकीं एक असे, ‘झिप’मध्यें तो बत्तीस बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पैकीं एक झाला. नव्या जातीचा पडताळा अधिक कडक, हें खरें. पण समजा, जुनें गांठोडें कुजलेलेंच होतें. तबकडीवरील एक डाग त्याच्या मधोमध पडला होता. सोडणारा प्रोग्राम अर्ध्यावर थांबला, आंकडा मागें ठेवून गेला, आणि यादीनें तो पाहिला नाहीं. जी अर्धी फाईल बाहेर आली तीच नव्या गांठोड्यांत बांधली गेली आणि तिच्यावर नवा, कडक, बत्तीस बिटांचा पडताळा चढला. हा पडताळा जन्मभर खरा उतरेल. कारण तो त्या अर्ध्या फाइलीचाच आहे! जुन्या गांठोड्यांत निदान ‘येथें कांहीं बिघडलें आहे’ एवढी साक्ष तरी होती; नव्यांत तीहि उरली नाहीं. जुनें गांठोडें सोडण्यापूर्वीं तें तपासावें, असें जें जाणते सांगतात तें ह्याचसाठीं. नवें कितीहि तपासलें तरी त्या तपासणीस मूळचा दोष दिसत नाहीं.

यादी रिकाम्या, स्वतंत्र कप्प्यांत काम करीत नसेल तर मागच्या गांठोड्यांतील उरलेल्या फाइली पुढच्यांत शिरतात. एकाच नांवाचीं दोन गांठोडीं, एक ‘आर्क’चें आणि दुसरें जपानमधून आलेल्या ‘एल्‌झेडएच’ जातीचें, अशीं शेजारीं असतील, तर दोहोंचा ‘झिप’ एकाच नांवाचा होऊन एक दुसऱ्यास गिळतें. तारखेचा घोटाळा निराळाच. गांठोडें काल रात्रीं बांधलें म्हणून त्यावर कालची तारीख पडते. आंतील प्रोग्राम चार वर्षांचा असला तरी ‘नवें काय आलें’ असें विचारणाऱ्यास सारें दप्तरच नवें दिसूं लागतें. त्यासाठीं गांठोड्यास आंतील सर्वांत नव्या फाइलीची तारीख देण्याची सोय ‘झिप’ प्रोग्रामांत ठेवण्यांत आली. ह्याशिवाय कित्येक चालक बांधतां बांधतां आपल्या सूचनाफलकाची जाहिरात प्रत्येक गांठोड्यांत घालीत. देवळाच्या पायरीवर देणगीदारानें आपलें नांव कोरावें तशी.

युनिक्सच्या जगांत हेंच काम अधिक नेटकेपणानें झालें. तेथील ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्राम वेल्च यांच्या रीतीवर चाले, आणि त्या रीतीचें अमेरिकन पेटंट युनिसिस कंपनीकडे होतें. तें २००३ सालीं संपलें. पण तोंवर वाट पाहत बसणें स्वतंत्र प्रोग्राम लिहिणाऱ्यांस शक्य नव्हतें. झाँ-लू गेली व मार्क अॅडलर यांनीं १९९२ सालीं ‘जीझिप’ काढला. त्याची रीत लेम्पेल-झिव यांच्या पहिल्या निबंधाची व हफमनची मिळून झालेली. त्याच्याच जोडीस ‘झेडन्यू’ नांवाची एक यादी देण्यांत आली, जी जुन्या जातीच्या फाइली नव्या जातींत घालते. तिच्यांतील दोन सोयी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक, जुनी फाईल काढून टाकण्यापूर्वीं नवी तपासून घेण्याची. दुसरी, नवी फाईल जुनीपेक्षां मोठी झाली तर जुनीच ठेवण्याची. ही दुसरी लिहिणारा खरा व्यवहारी असला पाहिजे. नवें म्हणजे सरस असें त्यानें गृहीत धरलें नाहीं.

आज हा प्रश्न घरोघरीं येऊन ठेपला आहे. कपाटांतील जुन्या तबकड्यांवर प्रबंध, हिशेब, पत्रें, छायाचित्रें गांठोड्यांत बांधलेलीं पडून असतात. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसच्या काळचे सोळा बिटांचे प्रोग्राम चालत नाहींत. जुन्या संगणकाचें सोंग घेणाऱ्या ‘डॉसबॉक्स’सारख्या प्रोग्रामाच्या आंत तरी ते चालवावे लागतात, नाहींतर ‘सेव्हन-झिप’सारखा अनेक जाती जाणणारा नवा प्रोग्राम घ्यावा लागतो. मराठी घरांत आणखी एक पेंच पडतो. ‘झिप’ जातीचा जन्म इंग्रजी नांवांसाठीं झाला. नांव युनिकोडमध्यें आहे हें सांगणारी खूण तिच्या अधिकृत रचनेंत २००६ सालीं आली. त्यापूर्वींच्या प्रोग्रामानें बांधलेल्या देवनागरी नांवाच्या फाइली सोडतांना नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची माळ दिसली तर नवल नाहीं. आणि दोन निरनिराळ्या नांवांची एकच माळ झाली तर एक फाईल दुसरीवर बसते. नांवांतील मोकळी जागाहि अशीच नडते. ‘आईचीं पत्रें’ हें नांव अवतरणचिन्हांत घातलेलें नसेल तर यादी ‘आईचीं’ नांवाची एक आणि ‘पत्रें’ नांवाची दुसरी अशा दोन फाइली शोधूं लागते, आणि अर्थात् एकहि सांपडत नाहीं.

म्हणून चांगली यादी संथ असते. ती मूळ तबकडीस हात न लावतां तिच्या प्रतीवर काम करते. जुनें गांठोडें प्रथम तपासते आणि कुजलेलें निघाल्यास त्याचें नांव वेगळ्या वहींत टिपून पुढें जाते. रिकाम्या कप्प्यांत सोडते, बांधते, आणि बांधलेलें पुनः दुसऱ्या कप्प्यांत सोडून दोन्ही कप्पे अक्षरशः ताडून पाहते. येवढें झाल्यावरहि ती जुनें पुसत नाहीं. बाजूस सारून ठेवते. पुसण्याचें काम माणसानें, वही वाचून, दिवसाउजेडीं करावयाचें असतें.

जुनें ठेवण्यास आणखी एक कारण आहे. कित्येक गांठोड्यांबरोबर त्यांच्या कर्त्याची सही असते. गांठोडें नव्यानें बांधलें कीं ती सही त्यावर लागू पडत नाहीं. लिनक्सची मूळ प्रत वाटणारी मंडळी म्हणूनच सही पिळलेल्या गांठोड्यावर न करतां आंतील न पिळलेल्या फाइलीवर करतात, म्हणजे बांधण्याची जात कितीदांहि बदलली तरी सही शाबूत राहते. कॅट्झ २००० सालीं, अवघ्या सदतिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या काळच्या सूचनाफलकांवरील फाइली आज संग्राहक गोळा करूं लागले आहेत, आणि एकाच प्रोग्रामाचीं ‘आर्क’ व ‘झिप’ अशीं दोन गांठोडीं मिळालीं तर तीं दोन्ही ठेवितात. कारण कोणती तारीख मूळची, कोणती फाईल कर्त्याची आणि कोणती जाहिरात मागाहून घातलेली, हें दोन्ही शेजारीं ठेवल्याखेरीज कळत नाहीं.