मोटारीचे स्टिअरिंग सैल का होते?

आपल्या घरी मोटार असेल, तर एक लहानसा प्रयोग आजच करून पाहा. मोटार सपाट जागी उभी करा, हातब्रेक ओढा, पुढची चाके सरळ ठेवा आणि स्टिअरिंग दोन बोटांनी हलकेच डावीउजवीकडे फिरवा. घरातील कोणाला तरी बाहेर उभे करून पुढच्या चाकावर लक्ष ठेवण्यास सांगा. पॉवर स्टिअरिंग असेल, तर हा प्रयोग इंजिन चालू ठेवून करावा. स्टिअरिंग हलू लागल्यापासून चाक हलू लागेपर्यंत जेवढे फिरणे वाया जाते, तेवढा त्याचा सैलपणा. गॅरेजमधील मिस्त्री यालाच ‘प्ले’ म्हणतात.

थोडा सैलपणा प्रत्येक मोटारीत असतोच. किती असावा, याची बाहेरची मर्यादा आपल्या कायद्यानेही घालून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमाप्रमाणे स्टिअरिंगवरील सैलपणा ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर जवळजवळ १० सेंटिमीटर भरते. परंतु ही शेवटची सीमा आहे. सुस्थितीचे ते माप नव्हे. लहान मोटारीत कडेवर दोन-तीन सेंटिमीटरांहून अधिक फिरणे वाया जात असेल, तर कारण शोधण्याची वेळ आली असे समजावे. मोटारीच्या माहितीपुस्तकात माप दिले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

या दोषाचा सर्वांत मोठा धोका असा की, तो चालकाला कळत नाही. झीज रोज केसभर वाढते आणि हातही रोज केसभर सावरून घेतात. वर्षभराने तो माणूस सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे हलवीत असतो. त्याला मात्र मोटार ठणठणीत वाटते. ती मोटार क्वचित चालविणारा घरातील दुसरा कोणी ‘गाडी भरकटते’ असे म्हणाला, तर ‘तुला सवय नाही’ म्हणून त्याला गप्प करू नका. त्याचे म्हणणेच बहुधा खरे असते. घाटात समोरून ट्रक येत असता चाक क्षणभर उशिरा वळले, तर काय होईल हे सांगावयास नको. आणि झिजलेल्या सांध्यातील गोळी आपल्या वाटीतून निखळली, तर ते चाक मुळीच ऐकत नाही.

मुळात इतके सांधे हवेत कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात. म्हणून दोन्ही चाके एकाच कोनात वळविली तर टायर रस्त्यावर घासतात. म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी १८१७ मध्ये घोडागाडीसाठी यावर तोड काढली. प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळावे आणि दोन्ही दांड्यांनी जोडलेली असावीत, अशी ती रचना. १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमन यांनी तिचे पेटंट घेतले आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. आजची मोटारही याच तत्त्वावर वळते. जेथे दांडी आली तेथे सांधा आला, आणि जेथे सांधा आला तेथे आज ना उद्या झीज आलीच.

ही साखळी एकदा डोळ्यांपुढे आणा. स्टिअरिंगखालून एक दांडा निघतो. त्यात एकदोन फिरते सांधे असतात. दांडा पुढे एका दातेरी यंत्रणेला मिळतो. काही मोटारींत ही यंत्रणा म्हणजे बंद पेटी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत ती होती. काहींत दातेरी पट्टी, म्हणजे रॅक असतो. उत्तरपाड्याच्या अँबेसडरमध्ये तो होता, मारुती ८०० मध्ये होता आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींत असतो. तेथून टाय रॉड निघतात, त्यांच्या टोकाला गोळीचे सांधे असतात आणि शेवटी चाक. सैलपणा या साखळीच्या कोणत्याही कडीत असू शकतो. हाताला मात्र तो सगळा एकाच ठिकाणी, स्टिअरिंगवर जाणवतो. निदान चुकते ते येथेच.

म्हणून पहिला नियम असा : जागा सापडल्याशिवाय सुटा भाग बदलू नये. शोध घेण्यास दोन माणसे आणि एक बॅटरी पुरे. चाके जमिनीवरच असावीत, म्हणजे सांध्यांवर भार राहतो. इंजिन बंद ठेवा. किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप मात्र उघडे असू द्या. एकाने आत बसून स्टिअरिंग सैलपणाच्या अंतरात सावकाश हलवीत राहावे. दुसऱ्याने वरून खालपर्यंत एकेक सांधा पाहावा आणि शक्य तेथे त्यावर बोटे ठेवावीत. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी स्वस्थ राहिली, तर दोष तेथेच आहे. दोन्ही बाजू एकदम हलल्या, तर पुढच्या सांध्याकडे वळावे. डोळ्यांना न दिसणारी टक् अशी खूण पुष्कळदा बोटांना कळते. रॅकची नळीच आपल्या पकडीत सरकत असेल, तर तिचे रबर झिजले आहे किंवा बोल्ट सैल झाले आहेत. रॅक बदलण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी चाक उचलून करावयाची. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि उचललेल्या मोटारीखाली भक्कम स्टँड द्या. केवळ जॅकवर टेकलेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. चाकाच्या डाव्या व उजव्या कडेला हात ठेवून ते आतबाहेर हलवून पाहा. या दिशेने सैल असेल, तर संशय टाय रॉडवर. मग एक हात वर व एक खाली ठेवून हलवा. या दिशेने सैल असेल, तर चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, जुन्या मोटारीत किंगपिन, यांपैकी एक झिजले आहे. यांतील निवड सोपी आहे. आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगा. सैलपणा नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला, तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा.

तिसरा साक्षीदार म्हणजे टायर. त्यावर तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला, तर चाके सरळ रेषेत धावत नाहीत. अलाइनमेंट बिघडले आहे किंवा सैल सांध्यामुळे ते टिकत नाही. केवळ एक कड झिजली असेल, तर चाकाचा उभा कल पाहावा. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी. मधला पट्टा झिजला असेल, तर हवा अधिक. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा चाकाचा तोल तपासावा.

समजा, एवढे करूनही स्टिअरिंगवर सैलपणा भरत नाही, सर्व सांधे घट्ट आहेत आणि तरीही मोटार भरकटते. मग दोष स्टिअरिंगच्या साखळीबाहेर आहे. चाकाला जागेवर धरणाऱ्या खालच्या आर्मची रबरी बुश फाटली असतील, तर ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढते आणि वेग देताच दुसरीकडे. टायरमध्ये हवा कमी असली तरीही असेच वाटते. अशा वेळी नवा रॅक बसविणे म्हणजे म्हशीचे दुखणे आणि पखालीला डाग.

पेटीच्या मोटारीत आणखी एक मोह टाळावा. मोटार बहुतांशी सरळच धावत असल्याने पेटीतील दाते मध्यभागी अधिक झिजतात. तो सैलपणा घालविण्यासाठी वरचा स्क्रू आवळीत गेले, की कडेचे न झिजलेले दाते अडकू लागतात. वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नसेल, तर स्क्रू अधिक आवळला गेला असे समजावे.

झिजेचे मूळ पुष्कळदा एका स्वस्त वस्तूत असते. सांध्यावरील रबरी टोपी फाटली, की पावसाचे पाणी आणि रस्त्यावरील रेती आत जाते आणि ग्रीसचे उटणे बनते. म्हणूनच वर सांगितलेल्या नियमात या रबरी टोप्यांचीही सक्ती आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्या पाहिल्या, तर पुढचा मोठा खर्च टळतो.

दुरुस्ती गॅरेजमध्येच करून घ्यावी. पण तेथे नेमके काय सांगावयाचे ते आता आपल्याला ठाऊक आहे. ‘स्टिअरिंग पाहा’ एवढ्यावर न थांबता ‘डाव्या टाय रॉडच्या बाहेरच्या सांध्यात सैलपणा आहे’ असे सांगा आणि काढलेला भाग हातात घेऊन पाहा. नवी स्प्लिट पिन घातली की नाही, हे विचारा. जुनी सरळ करून पुन्हा घालू देऊ नका. टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट केलेच पाहिजे. एअरबॅग असलेल्या मोटारीचे स्टिअरिंग घरी कधीही उघडू नये. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा इशाऱ्याचा दिवा लागला असेल, तर तपासणी जाणकाराकडेच सोपवावी.

लांबच्या प्रवासाला निघताना आपण डबा, पाणी आणि मुलांचे कपडे दोनदा पाहतो. त्या यादीत दोन बोटांची ही पाच मिनिटांची परीक्षा लिहून ठेवा, आणि चाकाकडे लक्ष देण्याचे काम घरातील मोठ्या मुलामुलींकडे द्या. ती हौसेने करतील, आणि पुढे स्वतः मोटार चालवू लागतील तेव्हा तिची भाषा त्यांना येत असेल.