वैद्यकाचे विद्यार्थी आणि मनोरुग्ण

गेल्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला होता. मुलगा गुणी, वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षास आहे. बोलतां बोलतां त्यानें रुग्णालयांत पाहिलेल्या एका मनोरुग्णाची अशी हुबेहूब नक्कल केली कीं, घरांतील मुलें हसून लोळलीं. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नी चहा घेऊन येत होत्या. त्या उंबऱ्याशींच थबकल्या व कपबशा तशाच घेऊन आंत परतल्या. चार वर्षें त्या विषण्णतेच्या विकारावर औषध घेत आहेत. हें त्या मुलास ठाऊक नव्हतें, कारण आम्हींच तें कोणास कळूं दिलें नव्हतें.

आमच्या जालना जिल्ह्यांत बदनापूर तालुक्यांतील वरुडीस वैद्यकीय महाविद्यालय होतेंच; २०२४ सालीं जालन्यास १०० जागांचें शासकीय महाविद्यालयहि निघालें. हे विद्यार्थी उद्यां आमच्याच गांवांत डॉक्टर होतील. राज्याचीं जुनीं चार मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें. जालन्याहून सारींच दूर. तेव्हां मनोरुग्णाची पहिली गांठ गांवच्या साध्या डॉक्टराशींच पडावयाची. पूर्वीं मनोविकाराचें औषध घेतलेल्या बाईचें पोट दुखूं लागलें आणि 'हे मनाचे खेळ' म्हणून त्यानें तिला परत धाडलें, तर खरा रोग आंत वाढतच राहील.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. पदवीच्या परीक्षेंत मनोविकारशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाहीं. सामान्य वैद्यकांतच त्याचा समावेश होतो. वार्डांत थोडे आठवडे जावयाचें, तेथें विकार विकोपास गेलेलेच रोगी दिसावयाचे. बरा होऊन कचेरींत जाणारा वा घरसंसार सांभाळणारा मनुष्य त्याच्या दृष्टीस पडतच नाहीं, कारण घरोघर तो झांकून ठेवलेला असतो. शिवाय 'वेडा', 'खुळी' हे शब्द तो महाविद्यालयांत थोडाच शिकला? ते त्यानें आमच्याच ओसरीवर ऐकले.

चरकसंहितेंत उन्मादास निदान व चिकित्सा या दोन्ही स्थानांत स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे इतर रोगांसारखाच तोहि रोग. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मनोरुग्णास शरीररोग्याच्या बरोबरीनें वागविले जाण्याचा हक्क दिला आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत शंभर प्रौढांपैकीं सुमारें दहांस कांहीं ना कांहीं मनोविकार आढळला. मग मोठ्या एकत्र कुटुंबांत असा एखादा असावयाचाच. त्याची लाज कसली?

सुटी संपतां संपतां तो मुलगा पुन्हां आला. त्या वेळीं आमच्या भावजयबाई आपण होऊन समोर बसल्या आणि स्वतःच्या आजाराची हकीकत त्यांनीं त्यास शांतपणें सांगितली. मुलाची मान खालीं गेली. कांहीं वेळानें त्यानें हळूच विचारलें, "काकू, आतां झोंप नीट लागते ना?"

आमच्या मतें त्याचें वैद्यक त्या प्रश्नापासून सुरू झालें. असे प्रश्न त्याला सुचावे अशी इच्छा असेल, तर दार आम्हींच आधीं उघडलें पाहिजे.