माहेरच्या रानावर माझी सही

गेल्या एप्रिलमध्ये दुपारची आवराआवर करून पाठ टेकते न टेकते तोच दादाचा फोन आला. "अगं, वरच्या रानाची तोड द्यायची म्हणतोय. ठेकेदार बघून गेलाय. तुझी सही लागेल." मी सवयीनं "पाठव कागद" म्हणून मोकळी झाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माहेरच्या जमिनीत लेकीनं नाक खुपसू नये, ही शिकवण अंगात मुरलेली!

रात्री भांडी आवरताना मात्र मनात आलं, सही माझी लागते म्हणजे रान माझंही आहे की! 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आणखी स्पष्ट निकाल दिला. आमच्या सातबाऱ्यावर दोन भावांबरोबर माझं आणि धाकट्या बहिणीचं नाव आहे, आणि मी तो उतारा कधी नीट वाचलाही नव्हता.

इथं शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "रान तर सरकारचं असतं ना?" विदर्भात पुष्कळसं असेल, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र सरकारी जंगल अगदी नावाला. डोंगरउतारावरचं बहुतेक रान लोकांच्या मालकीचं. 1975 साली राज्यानं खाजगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा केला, तरी कितीतरी रानं घराण्यांकडेच राहिली. म्हणजे खालच्या गावांचं पाणी कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर अवलंबून!

मे महिन्यात संगमेश्वरला गेले. वहिनीला म्हटलं, चल, रान दाखव. ऐन, किंजळ, खैर, मध्येच जुने बेहडे. भाजावळीसाठी ऐनाची कवळ तोडून तोडून खोडं गाठाळलेली, पण जिवंत. वर चढलो तर पऱ्याच्या उगमाशी करंगळीएवढी धार. तिथूनच नळी टाकून वाडीत पाणी नेलंय. वहिनी म्हणाली, "पलीकडच्या डोंगराची तोड झाली तेव्हापासून तिकडच्या बायका शिमग्यानंतर आमच्या पऱ्यावर येतात. आमचं तोडलं तर आम्ही कुठं जायचं?" हिशेब मांडायला ती शाळेत फार शिकलेली नाही, पण हा हिशेब तिचा पक्का होता.

पाऊस झाडांच्या पानांवर, पाल्यावर झेलला गेला की जमिनीत मुरतो. उघड्या उतारावर तो मातीसकट धावत सुटतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं ते काही नुसत्या वृक्षतोडीनं नव्हे, पाऊसच तुफान होता. पण पुढं वाशिष्ठीतला गाळ उपसावा लागला, तो आकाशातून तर पडला नव्हता!

आणि आपल्या स्वयंपाकघराचं काय? सोलकढीचं आमसूल, माशाच्या आमटीतलं त्रिफळ, न्हाण्याची शिकेकाई, त्रिफळा चूर्णातला हिरडा-बेहडा, सगळं या रानांचं देणं.

एका बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. मादी आत शिरून दार लिंपून घेते, चोचीएवढी फट ठेवते आणि नर कित्येक आठवडे तिला फळं भरवतो. (आमच्या घरी बाळंतपणात एक कप चहा आयता मिळाला नव्हता!) एवढी मोठी ढोली जुन्या झाडालाच पडते. ठेकेदाराच्या लेखी ते झाड म्हणजे जळण.

रात्री पडवीत बसलो. दादाला नावं ठेवणं सोपं आहे. मुलीच्या नर्सिंगची फी, गळकं छप्पर, आणि रानातून वर्षाला हाती येतं काय? पाणी गावाला, हवा साऱ्यांना, आणि राखण मात्र त्याची! त्याचं हे म्हणणं मला खोडता येईना. तोडीचे पैसे चौघांत वाटून माझ्या वाट्याला जे आलं असतं, त्यात एक फ्रीजही आला नसता. त्याची मात्र यंदाची फी भागली असती.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनं आमच्याच तालुक्यात काही मालकांशी करार केले आहेत: ठरलेली वर्षं तोड करायची नाही आणि त्याचा मोबदला घ्यायचा. हे मला इथं शहरात कळलं, दादाला तिथं ठाऊक नव्हतं.

तोडीला आधी परवानगी काढावी लागते, हेही विचारून घेतलं. 1964 च्या कायद्यानं ऐन, किंजळ, खैर, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं खाजगी जागेतही विनापरवाना तोडता येत नाहीत. बेहडा त्या यादीत नाही. त्याची राखण आपणच करायची.

शेवटी ठरलं ते असं. खालच्या टप्प्यातली तोड परवानगी काढून द्यायची, बुंधे राखून, म्हणजे पुन्हा धुमारे फुटतात. पऱ्याच्या वरचं रान आणि बेहडे सोडायचे. कागदावर तसं लिहून घेतलं, मगच मी सही केली. यंदाच्या फीतला माझा वाटा मी दादाला दिला. धाकटीची सही अजून व्हायची आहे. ती म्हणते, आधी मला रान दाखवा.